छापायची राहून गेलेली कार्डे

बेसबॉल कार्ड म्हणजे तळहातात सहज मावणारा जाड कागदाचा तुकडा. त्याच्या दर्शनी बाजूस खेळाडूचे चित्र असते आणि पाठीवर जाहिरात किंवा खेळाडूची माहिती. अमेरिकेत ही वस्तू मुळात दुसऱ्याच मालाबरोबर फुकट मिळत असे, आणि तिच्या इतिहासातील बहुतेक गुंतागुंत या एका गोष्टीतून उद्भवलेली आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या शौकिनांनी या कार्डांच्या संचांकडे खेळाची चित्रमय बखर म्हणून पाहिले असले, तरी तीत कोणाला जागा मिळावी हे मैदानावरच्या कर्तबगारीइतकेच तंबाखूचे कारखानदार, च्युइंगगमचे करारनामे आणि वर्णभेदाची रीत यांनी ठरवले. आज अनेक चित्रकार आणि हौशी कारागीर गतकाळातील खेळाडूंची नवी कार्डे जुन्या धाटणीत तयार करतात. या उद्योगात स्मरणरंजन आहेच. परंतु त्यातील सर्वांत मोलाचा भाग त्या बखरीतील गाळलेली पाने भरून काढण्याचा आहे.

१८८० च्या दशकात सिगारेटी मऊ कागदी पाकिटांतून विकल्या जात. पाकीट चेपू नये म्हणून आत जाड कागदाचा तुकडा घातला जाई आणि पुढे त्यावर चित्र छापण्याची प्रथा पडली. व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथील ॲलन अँड गिंटर या कंपनीने १८८७ च्या सुमारास काढलेल्या ५० जगज्जेत्यांच्या संचात मुष्टियोद्धे, नावाडी आणि नेमबाज यांच्या जोडीने १० बेसबॉलपटू होते. न्यूयॉर्कच्या गुडविन कंपनीने याच सुमारास आपल्या ‘ओल्ड जज’ सिगारेटींसाठी प्रत्यक्ष छायाचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवून शेकडो खेळाडूंची कार्डे काढली. त्या काळच्या कॅमेऱ्यात वेगवान हालचाल टिपणे कठीण असल्याने खेळाडूला छायाचित्रकाराच्या दालनात उभे करून चेंडू दोऱ्याने छतापासून टांगला जाई, आणि काही कार्डांवर तो दोरा आजही स्पष्ट दिसतो. १८९० मध्ये मोठ्या सिगारेट कंपन्या एकत्र येऊन अमेरिकन टोबॅको कंपनी स्थापन झाली, स्पर्धा संपली आणि गिऱ्हाईक ओढण्यासाठी चित्रे वाटण्याची गरजही फारशी उरली नाही, त्यामुळे पुढील कित्येक वर्षे कार्डांचा ओघ जवळजवळ आटला.

१९०९ ते १९११ या काळात याच कंपनीच्या निरनिराळ्या सिगारेटींबरोबर आलेला संच आज ‘टी२०६’ या संग्राहकी क्रमांकाने ओळखला जातो, आणि जुन्या धाटणीचे कार्ड म्हटले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे तोच येतो. सुमारे ३७ मिलिमीटर रुंद आणि ६७ मिलिमीटर उंच अशी ५०० हून अधिक कार्डे त्यात आहेत. त्यांची छपाई शिळाछापाची होती. या पद्धतीत चित्रातील प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागतो आणि एकाच कागदावर ते रंग एकावर एक अचूक बसवावे लागतात. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या आणि पुढे मळवलीला हलवलेल्या छापखान्यातून महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचलेल्या लक्ष्मी-सरस्वतीच्या तसबिरी याच तंत्राच्या असल्याने, सपाट उजळ रंग, बारीक ठिपक्यांनी साधलेली चेहऱ्याची गोलाई आणि पार्श्वभूमीचा नाटकी पडदा ही त्याची लक्षणे मराठी वाचकाला नवी नाहीत. पिट्सबर्ग संघाचा शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळांमधील क्षेत्ररक्षक, होनस वॅगनर याच्या कार्डाची छपाई त्याने हरकत घेतल्यामुळे थांबली असे मानले जाते. त्याच्या नकाराचे कारण तंबाखूविषयीची नापसंती होती की मोबदला, याबद्दल अभ्यासकांत दुमत आहे. त्या कार्डाच्या जेमतेम काही डझन प्रती उरल्या असून त्यांतील एक २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलरना विकली गेली. एवढी किंमत एखाद्या संग्राहकालाच परवडणार, आणि म्हणूनच टी२०६ च्या धाटणीत नवी कार्डे काढणाऱ्यांना कामाची कधी वाण पडलेली नाही.

तंबाखूची जागा पुढे मिठाईने आणि च्युइंगगमने घेतली. बॉस्टनच्या गाउडी कंपनीने १९३३ मध्ये २४० क्रमांकांचा रंगीत संच काढला. त्यात एकट्या बेब रूथची चार कार्डे होती, पण १०६ क्रमांकाचे कार्ड मात्र कोणत्याही पाकिटात सापडत नव्हते. संच पुरा करण्याच्या ओढीने मुलांनी गमची पाकिटे घेत राहावे असा हिशेब त्यामागे होता, असे संग्राहक मानतात. तक्रारीची पत्रे आल्यावर कंपनीने १९३४ मध्ये ते कार्ड छापून पत्रलेखकांना टपालाने पाठवले. त्यावर नॅप लाजोई होता आणि अमेरिकेच्या प्रमुख साखळीतून तो १९१६ मध्येच निवृत्त झालेला होता. अस्सल मानल्या जाणाऱ्या संचातील हे सर्वांत दुर्मीळ कार्ड अशा रीतीने मागाहून केलेले आणि जुन्या खेळाडूचे आहे, हे जुन्या धाटणीच्या नव्या कार्डांना सरसकट नकली ठरवणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. १९४० च्या ‘प्ले बॉल’ संचात तर निवृत्तांची चांगली मोठी रांग होती. १९१९ च्या अंतिम सामन्यांतील लाचखोरीच्या प्रकरणावरून बहिष्कृत झालेल्या जो जॅक्सनलाही तिच्यात स्थान मिळाले.

जुन्या खेळाडूंच्या कार्डांना खरा जोर मात्र कायद्यामुळे आला. दुसऱ्या महायुद्धानंतर फिलाडेल्फियाची बोमन आणि ब्रुकलिनची टॉप्स या दोन गम कंपन्या खेळाडूंशी एकमेकींना वगळणारे करार करू लागल्या. तो वाद १९५३ मध्ये अपील न्यायालयात गेला असता न्यायमूर्ती जेरोम फ्रँक यांनी, स्वतःच्या प्रतिमेच्या व्यापारी वापरावर व्यक्तीचा हक्क असतो आणि तो हक्क तिला दुसऱ्यास देता येतो, असे तत्त्व मांडले. अमेरिकी कायद्यातील प्रसिद्धीचा हक्क म्हणून पुढे रूढ झालेल्या संकल्पनेचा उगम गमबरोबर मिळणाऱ्या चित्रांच्या या खटल्यात आहे. १९५६ मध्ये टॉप्सने बोमनला विकत घेतले आणि खेळत असलेले जवळजवळ सारे खेळाडू एका कंपनीच्या मुठीत आले. त्यामुळे फिलाडेल्फियाच्याच फ्लीअर कंपनीने १९६० आणि १९६१ मध्ये ‘बेसबॉल ग्रेट्स’ या नावाने काढलेले संच मुख्यतः निवृत्त किंवा दिवंगत खेळाडूंचे होते. चालू खेळाडू करारांनी बांधलेले असल्यामुळे इतिहासाकडे वळण्यावाचून तिला फारसा मार्ग नव्हता, परंतु एका व्यापारी अडचणीमुळे आपल्या आजोबांच्या काळातील खेळाडूंची ओळख हजारो मुलांना झाली, हे तिचे श्रेय नाकारता येत नाही.

टॉप्सलाही आपल्या मक्तेदारीतील भोके दिसून आली ती १९७५ मध्ये. १९५१ पासूनच्या प्रत्येक वर्षातील सर्वोत्तम खेळाडूंची त्या त्या वर्षीची कार्डे एकत्र दाखवणारी मालिका कंपनीने त्या साली काढली, तेव्हा १९६२ चा मानकरी मॉरी विल्स याचे टॉप्सचे १९६२ चे कार्डच अस्तित्वात नसल्याचे पुढे आले, कारण १९६७ पर्यंत तो या कंपनीच्या कार्डांवर नव्हता. रॉय कॅम्पॅनेला १९५१ आणि १९५५ मध्ये मानकरी ठरला होता, पण त्याचीही त्या वर्षांची टॉप्सची कार्डे नव्हती. कंपनीच्या चित्रकारांनी मग त्या त्या वर्षाची चौकट, अक्षरे आणि रंगसंगती वापरून कधीच न निघालेली कार्डे तयार केली. आजचे कारागीर ज्या कलेसाठी ओळखले जातात तिचा हा ठळक नमुना मूळ छापणाऱ्यांच्याच हातून घडला आहे. १९८३ मध्ये याच कंपनीने आपल्या गाजलेल्या १९५२ च्या ४०७ कार्डांच्या संचाचे पुनर्मुद्रण केले, तेव्हा ४०२ कार्डेच निघू शकली. उरलेल्या पाच खेळाडूंशी बोलणी जुळली नाहीत, आणि ३० वर्षांपूर्वीच्या निकालाने मान्य केलेला हक्क स्वतः टॉप्सच्या आड आला.

आतापर्यंत सांगितलेल्या उणिवा व्यवहाराच्या होत्या. वर्णभेदाने पाडलेली उणीव मात्र अन्यायाची होती आणि तिचे मोजमाप काही सुट्या कार्डांत होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत प्रमुख साखळीत कृष्णवर्णीय खेळाडूंना प्रवेश नव्हता. १९२० मध्ये रूब फॉस्टर यांच्या पुढाकाराने कॅन्सस सिटीत निग्रो नॅशनल लीग स्थापन झाली आणि ऑस्कर चार्ल्स्टन, कूल पापा बेल, जॉश गिब्सन, सॅचेल पेज यांच्यासारखे असामान्य खेळाडू अशा साखळ्यांतून खेळले. तरीही देशातील सिगारेट आणि गम कंपन्यांना त्यांची कार्डे काढावीशी वाटली नाहीत. हिवाळ्यात यांपैकी अनेक जण क्यूबा आणि पोर्तो रिको येथे खेळत, आणि त्यांची कार्डे निघाली ती तिथे. चार्ल्स्टनचे कार्ड १९२३-२४ मध्ये क्यूबातील बिलिकेन सिगारेटींबरोबर आले. यष्टिरक्षकासारखे काम करणारा कॅचर आणि त्या काळातील सर्वांत भेदक फटकेबाज असा गिब्सन प्रमुख साखळीतील ही बंदी मोडणाऱ्या जॅकी रॉबिन्सनच्या पदार्पणाच्या तीन महिने आधी, जानेवारी १९४७ मध्ये, वयाच्या ३५ व्या वर्षी वारला. त्याचे सर्वांत प्रसिद्ध कार्ड १९५०-५१ च्या पोर्तो रिकोतील संचात, म्हणजे मृत्यूनंतर निघाले. पेज १९४८ मध्ये बेचाळिशीत क्लीव्हलँडकडून खेळला म्हणून बोमन आणि टॉप्सच्या कार्डांवर दिसतो. त्याच्या उमेदीची वर्षे मात्र अमेरिकी कार्डांत कोरीच राहिली.

ही पाने भरण्याची सुरुवात व्यंगचित्रकार रॉबर्ट लॉफलिन यांनी १९७४ मध्ये जुन्या कृष्णवर्णीय खेळाडूंच्या कार्डांचा संच काढून केली. अलीकडे चित्रकार ग्रेग क्राइंडलर यांनी या साखळ्यांतील खेळाडूंची व्यक्तिचित्रे तैलरंगांत रंगवली, २०२० मध्ये ती कॅन्सस सिटीच्या निग्रो लीग्ज बेसबॉल संग्रहालयात मांडली गेली आणि त्यांवरून कार्डेही तयार झाली. या क्षेत्रात जे काही झाले आहे त्यात हे काम सर्वांत मोलाचे मानावे लागते, कारण इथे धाटणीचे अनुकरण हा हेतू नसून, ज्यांना हयातीत या छोट्याशा सन्मानाला मुकावे लागले त्यांना तो त्यांच्या काळाच्या पोशाखात आणि रंगांत देणे हा आहे.

अशा कामाला लागणारी साधने दोन संग्रहांनी पुरवली. संधिवाताने जर्जर झालेले जेफरसन बर्डिक हे सिराक्यूजचे संग्राहक तीन लाखांहून अधिक छापील कार्डे आणि चित्रे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालयाला देऊन स्वतःच ती वह्यांत चिकटवत राहिले. ते काम जानेवारी १९६३ मध्ये संपले आणि दोनच महिन्यांनी त्यांचे निधन झाले. एकोणिसाव्या शतकातील तंबाखूच्या कार्डांसाठी ‘एन’ आणि विसाव्यासाठी ‘टी’ हे वर्गीकरण त्यांच्याच सूचीतले आहे. दुसरा संग्रह वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमधला, १८८७ ते १९१४ या काळातील सुमारे २,१०० कार्डांचा. ती बेंजामिन एडवर्ड्स यांची कार्डे कवी कार्ल सँडबर्ग यांच्यामार्फत तेथे पोहोचली. त्याच ग्रंथालयातील बेन वृत्तसंस्थेची छायाचित्रे निर्वेधपणे वापरता येत असल्याने नव्या कार्डांचा मोठा भाग त्यांच्यावर उभा आहे.

छायाचित्र मिळाले तरी रंगांचा प्रश्न उरतो, आणि कारागिराची खरी परीक्षा तिथे होते. जुन्या काचपट्ट्यांवरील रसायन निळ्या प्रकाशाला अधिक आणि तांबड्याला अगदी कमी प्रतिसाद देत असे, त्यामुळे निळा रंग चित्रात फिकट आणि तांबडा जवळजवळ काळा उमटे. केवळ छटा पाहून रंग भरणारा लाल मोजे काळे आणि निळी टोपी राखाडी करून बसतो. मार्क ओकोनन यांचे विसाव्या शतकातील संघांच्या पोशाखांवरील १९९१ चे पुस्तक म्हणूनच या मंडळींच्या हाताशी असते. पुढचा प्रश्न छपाईचा. टी२०६ चे ठिपके चित्रकाराच्या हाताचे आणि अनियमित आहेत. १९५२ ची टॉप्स कार्डे कृष्णधवल छायाचित्रांवर फ्लेक्सिक्रोम नावाच्या प्रक्रियेने हाताने रंग चढवून केलेली आहेत. १९५३ ची कार्डे छोट्या रंगचित्रांवरून छापली आहेत. भिंगाखाली ती एकमेकांपासून सहज वेगळी ओळखता येतात. बेसबॉल कार्डांच्या प्रमाण सूचीचे दीर्घकाळ संपादक राहिलेले बॉब लेम्के यांनी जुन्या टॉप्स धाटणीत कधीच न निघालेली कार्डे केली, तेव्हा पाठीचा मजकूर आणि चौकटीतील बारकावेही त्यांनी त्याच कसोशीने जुळवले.

हीच कसोशी फसवणुकीलाही उपयोगी पडते. अस्सल कार्डाशी केलेली लबाडी किती मोठी असू शकते हे २०१३ मध्ये उघड झाले, जेव्हा वॅगनरच्या सर्वांत प्रसिद्ध प्रतीच्या कडा आपण कापल्याचे लिलावदार बिल मास्ट्रो यांनी न्यायालयात कबूल केले. नवे कार्ड चहाच्या पाण्यात बुडवून आणि कोपरे घासून जुने भासवणे त्याहून सोपे आहे. म्हणून प्रामाणिक कारागीर पाठीवर स्वतःची खूण आणि साल छापतो. ज्याच्या कामावर ती नाही त्याचे कौशल्य कितीही असले तरी त्याला या परंपरेत स्थान देऊ नये.

पाठीच्या मजकुराचीही एक अडचण आहे. बेसबॉलच्या ‘हॉल ऑफ फेम’मधील गिब्सनच्या १९७२ च्या सन्मानफलकावर सुमारे ८०० होमरनचा उल्लेख आहे, आणि त्यात साखळीबाहेरचे सामनेही धरलेले आहेत. संशोधकांनी जुन्या वृत्तपत्रांतून धावफलक गोळा करत आणल्यावर प्रमुख साखळीने डिसेंबर २०२० मध्ये १९२० ते १९४८ या काळातील सात निग्रो साखळ्यांना आपल्या बरोबरीचा दर्जा दिला, आणि मे २०२४ मध्ये त्यांची आकडेवारी आपल्या अधिकृत नोंदींत घेतली. तेव्हा .३७२ या फटकेबाजीच्या सरासरीने गिब्सन टाय कॉबच्या पुढे जाऊन कारकिर्दीच्या यादीत पहिला आला. नव्या कार्डावर दंतकथेतला आकडा छापावा, फलकावरचा छापावा की अधिकृत नोंदीतला, आणि तो कोणत्या सामन्यांवरून काढला आहे हे त्या चिमुकल्या पाठीवर कोणत्या शब्दांत सांगावे, याचा निर्णय आता प्रत्येक कारागिराला स्वतःच घ्यावा लागतो.