जुनी मशीद, इस्रायल मोहल्ला

मुंबईत मशीद स्टेशनच्या बाहेर पडून माणसांच्या आणि हातगाड्यांच्या गर्दीतून सॅम्युअल स्ट्रीटच्या बाजूला वळलं की आपण जुन्या इस्रायल मोहल्ल्यात येतो. कोकणातून आलेली बेने इस्रायल, म्हणजे मराठी ज्यू, माणसं इथे राहायची. आता आजूबाजूला घाऊक व्यापाराची दाटी आहे, पण ‘शआर हरहमीम’, म्हणजे दयेचं द्वार, हे त्यांचं सिनेगॉग, म्हणजे ज्यू प्रार्थनामंदिर, अजून उभं आहे. बेने इस्रायलांच्या बोलण्यात सिनेगॉगला ‘मशीद’ म्हणत आणि ही ‘जुनी मशीद’. स्टेशनचं नाव हिच्यावरूनच पडलं, असं सांगतात.

हे प्रार्थनामंदिर उभं राहिलं 1796 साली. बेने इस्रायलांचं हे पहिलंच. त्याआधी कित्येक शतकं आजच्या रायगड जिल्ह्यातल्या खेड्यांत ही मंडळी तेलाचे घाणे चालवत आली. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. शब्बाथ, म्हणजे शनिवारची विश्रांती, मुलांची सुंता आणि ‘शमा इस्रायल’ ही प्रार्थना अशा मोजक्या गोष्टींवर त्यांनी धर्म टिकवला. पूजास्थान नाही, धर्मग्रंथ नाही. मला याचं फार अप्रूप वाटतं.

मंदिर बांधलं सामाजी हसाजी दिवेकर यांनी. ज्यू नाव सॅम्युअल इझिकेल. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत अधिकारी होते. म्हैसूरच्या लढाईत टिपूच्या कैदेत सापडले आणि सुटल्यास देवाचं घर बांधीन असा नवस बोलले, ही आठवण समाजाने जपली आहे. घर झालं, पण आत ठेवायला तोराची, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथाची, गुंडाळी नव्हती! ती आणायला दिवेकर कोचीनला गेले आणि 1797 मध्ये तिथेच वारले. आज बेने इस्रायलांच्या कुठल्याही सिनेगॉगमध्ये तोरा उघडली जाते, तेव्हा या माणसाची आठवण व्हायला हवी.

सध्याची वास्तू 1860 सालची. आत मधोमध कठड्याची ‘तेवा’, म्हणजे प्रार्थना सांगण्याचा चौथरा. जेरुसलेमच्या दिशेला, म्हणून पश्चिमेला, ‘हेखाल’: पडद्याआडचं कपाट. त्यात चर्मपत्राच्या गुंडाळ्या लाकडी नळकांड्यांत उभ्या ठेवतात. वाचतानाही नळकांडं उभंच असतं. त्याचे दोन्ही भाग उघडले की आतली हिब्रू अक्षरं समोर येतात. या ओळी हातानेच लिहिलेल्या असाव्या लागतात. छापील चालत नाहीत.

1948 मध्ये इस्रायल देश झाल्यानंतर बहुतेक कुटुंबं तिकडे गेली. मोहल्ल्यात आता ज्यू घरं अगदी मोजकी. महाराष्ट्र सरकारने 2016 मध्ये ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला. हे फार आधी व्हायला हवं होतं.

बघायला जायचं असेल तर आधी परवानगी काढा, ओळखपत्र जवळ ठेवा, डोकं झाका, आणि शनिवारी फोटो काढू नका.