कार्बनवेष्टित अणुइंधनकण

कार्बनाचे पातळ थर चढविलेले अणुइंधनाचे सूक्ष्म गोल कण. बहुतेक विक्रियकांत (अणुभट्ट्यांत) इंधन धातूच्या नळ्यांत भरतात. नळीला चीर गेल्यास भंजनातून निर्माण झालेली किरणोत्सर्गी द्रव्ये शीतकात मिसळतात. शिवाय अत्युच्च तापमानास अशी नळी टिकत नाही. प्रत्येक कणालाच स्वतंत्र कवच देणे हा यावरील उपाय होय.

या इंधनाचा विकास मुख्यतः इंग्लंडमधील विनफ्रिथ येथे १९५९ मध्ये सुरू झालेल्या ‘ड्रॅगन’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात झाला. भंजनद्रव्ये इंधनातून बाहेर पडू द्यावयाची व हीलियमाच्या प्रवाहाने ती काढून घ्यावयाची, अशी आरंभीची योजना होती. कणांवरील कार्बनाचा थर केवळ हाताळणीत कार्बाइड इंधनाचे दमटपणापासून रक्षण करण्यासाठी होता. तोच थर भंजनद्रव्येही अडवितो असे दिसून येताच संशोधनाची दिशा बदलली. २० मेवॉ. औष्णिक शक्तीचा हा विक्रियक १९६४ ते १९७५ या काळात चालला.

अमेरिकेतील पीच बॉटम येथील विक्रियकाच्या पहिल्या गर्भात (१९६६–६९) कणांवर एकाच प्रकारच्या कार्बनाचे वेष्टन होते. किरणनाने ते विरूप झाले, इंधन फुगले आणि त्याभोवतीच्या ग्रॅफाइटाच्या अनेक नळ्या तडकल्या. दुसऱ्या गर्भात इंधनाला लागून सच्छिद्र कार्बनाचा थर देण्यात आला. भंजनाने उडणारे तुकडे त्यात थोपतात, वायूंना जागा मिळते व इंधनाचे फुगणे सामावले जाते. त्याबाहेर घन कार्बनाचा थर असतो. या ‘बायसो’ कणांनी चांगले काम दिले. तथापि सीझियम व स्ट्राँशियम तप्त कार्बनातून झिरपतात. म्हणून घन कार्बनाच्या दोन थरांमध्ये सिलिकॉन कार्बाइडाचा थर घालून ‘ट्रायसो’ कण तयार करण्यात आला. त्याचा व्यास सु. १ मिमी. असतो.

तप्त भट्टीत वायूच्या झोताने कण उसळते ठेवतात. ॲसिटिलिनासारखे हायड्रोकार्बन वायू तेथे विघटित होऊन कार्बन कणांवर समप्रमाणात बसतो. जर्मनीतील यूलिख येथील विक्रियकात (१९६७–८८) असे कण ६ सेंमी. व्यासाच्या ग्रॅफाइट गोलांत भरलेले होते. त्याच्या शीतकमंडलात सीझियम व स्ट्राँशियम मोठ्या प्रमाणात आढळल्याने, सुरक्षितता कणांच्या निर्मितीतील काटेकोरपणावर आणि तापमानाच्या नियंत्रणावर अवलंबून असते हे स्पष्ट झाले. चांगले ट्रायसो कण सु. १,६००° से. पर्यंत भंजनद्रव्ये धरून ठेवतात. चीनमधील शिदाओ उपसागराकाठच्या विद्युत् केंद्रात हेच इंधन वापरतात. ते डिसेंबर २०२३ मध्ये व्यापारी तत्त्वावर सुरू झाले. तेथील एका गोलात सु. १२,००० कण असतात.

या संशोधनाचे एक फळ वैद्यकाला मिळाले. अमेरिकेत अशा वेष्टनांवर काम करणारे जॅक बोक्रोस आणि शल्यविशारद व्हिन्सेंट गॉट यांना १९६० नंतरच्या दशकात असे आढळले की, या कार्बनावर रक्त सहसा साखळत नाही. हा कार्बन झिजेलाही दाद देत नसल्याने कृत्रिम हृदयझडपांसाठी तो वापरात आला. इंधनकणांसाठी शोधलेले वेष्टन अशा रीतीने असंख्य रुग्णांच्या हृदयात काम करीत आहे.