रिंगच्या चातीची नागपुरी कुळकथा

सूतगिरणीतल्या रिंगच्या चातीचा जन्म अमेरिकेतला, १८२८च्या सुमाराचा. पण हिंदुस्थानात ती रुजवण्याचे श्रेय जाते नागपूरच्या एम्प्रेस मिलकडे. जमशेटजी टाटांची ही गिरणी १ जानेवारी १८७७ रोजी, व्हिक्टोरिया राणीला सम्राज्ञी घोषित केले त्याच दिवशी सुरू झाली. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे हिशोब होता: वऱ्हाड-नागपूरचा कापूस हाताशी आणि १८६७पासून रेल्वेही दारात. पण जागेचा फायदा कायमचा नसतो. त्याच कापसावर, त्याच रेल्वेच्या आधाराने उद्या दुसरी गिरणीही उभी राहू शकते. म्हणून एम्प्रेसची खरी स्पर्धा जागेची नसून सूत कातण्याच्या रीतीची होती. तिच्या कथेतून माझ्या मते एक गोष्ट स्पष्ट होते: बाजारात पुढे जातो तो नवे शोधणाराच असे नाही, जुने वेळीच सोडू शकणाराही जातो.

त्या काळी नाव होते म्यूल या कताई यंत्राचे. म्यूलचा गाडा चार-पाच फूट बाहेर येताना धागा ओढतो व पिळतो. मग परत जाताना तो चातीवर गुंडाळतो. म्हणजे पिळण्याच्या वेळी गुंडाळणे थांबलेले आणि गुंडाळताना पिळणे. रिंगमध्ये चातीभोवती लोखंडी कडे असते आणि त्या कड्यावर ट्रॅव्हलर नावाची इवलीशी आकडी गरगर धावते. तिच्यातून ओवलेल्या धाग्याला पीळ बसतो आणि त्याच क्षणी तो कांडीवर चढतो. काम अखंड चालते, कसबी म्यूलवाल्याची गरज उरत नाही. एम्प्रेसनेही सुरुवात म्यूल आणि थ्रॉसल या जुन्या कताई यंत्रांवरच केली होती. १८८३च्या सुमारास तिने मोजके रिंगचे साचे आणून पाहिले आणि पडताळा मिळाल्यावर रिंगची वाट धरली.

इंग्लंडच्या लँकेशायरने मात्र म्यूल सोडली नाही. १९१३मध्येही ब्रिटनमधल्या पाचांतल्या सुमारे चार चात्या म्यूलच्याच होत्या. याला आळस म्हणणे अन्यायाचे ठरेल. तिथे कताई एका कंपनीची आणि विणाई दुसरीची. रिंगचे सूत जड लाकडी कांड्यांसकट गावोगाव पाठवणे परवडत नसे. बारीक सुताला म्यूल सोयीची होती आणि तिचे अनुभवी कामगारही पिढ्यांपासून तयार होते. नागपुरात कताई आणि माग एकाच आवारात होते, सूतही जाडेभरडे. मग हे यश परिस्थितीचेच, जमशेटजींचे त्यात काय, असा आक्षेप कोणी घेईल. त्याला उत्तर मुंबईत आहे. जाडे सूत तिथल्या गिरण्याही कातत आणि अनेकांकडे स्वतःचे मागही होते. तरी त्यांतल्या बऱ्याच जणींनी म्यूलला दीर्घकाळ धरून ठेवले. परिस्थिती जवळपास सारखी, निर्णय वेगळे. परिस्थितीने दार उघडे ठेवले होते, आत जाण्याचा निर्णय मात्र घ्यावाच लागला.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: यंत्र विकत मिळते, मग त्याची आघाडी टिकणार किती? खरेच, ती टिकत नाही. जपानमधली ओसाकाची गिरणी १८८३मध्ये म्यूलवर सुरू झाली. पण त्या दशकाच्या अखेरीस जपानी गिरण्या झपाट्याने रिंगकडे वळल्या, हिंदी कापूस नेऊन रात्रपाळ्यांतही कातू लागल्या आणि चीनच्या बाजारात मुंबईच्या सुताला भारी पडल्या. यावरून नव्या यंत्राचा उपयोग नाही असे ठरत नाही. उलट यंत्राने मिळालेली आघाडी ही उसनी मुदत असते आणि त्या मुदतीत पुढची तयारी करायची असते, एवढे त्यातून कळते. एम्प्रेसने ती काही काळ केली, कामगारांसाठी भविष्य निर्वाह निधीसारख्या सोयी सुरू केल्या. पण शतकानंतर तीच गिरणी थकली. १९८६मध्ये ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि पुढे बंद पडली. कापूस तोच होता, गाव तेच होते. विदर्भात आज नवे कारखाने आणू पाहणाऱ्यांनी जमीन, वीज आणि करसवलत यांच्या यादीत हा प्रश्नही लिहावा: जुने झालेले यंत्र वेळेवर काढून टाकण्याची हिंमत आणि पैसा या उद्योगाजवळ राहील का?