तांब्याच्या पत्र्यावरचं बंड

बाटेव्हियन बंडाची हकीकत आपल्यापर्यंत आली ती एका रोमन माणसाच्या, टॅसिटसच्या लेखणीतून. ऱ्हाईनच्या मुखाजवळ राहणारी ही जमात रोमला कर देत नसे, माणसं देई. घोड्यासकट नदी पोहून जाणारे शिपाई. इ.स. ६९ मध्ये रोमच्या गादीवरून यादवी पेटली आणि सक्तीची भरती सुरू झाली. अधिकारी म्हाताऱ्या-आजाऱ्यांना धरून नेत आणि सुटकेचे पैसे उकळत. तेव्हा रोमच्याच फौजेत मुरलेल्या, एका डोळ्यानं अधू असलेल्या क्लॉडियस सिव्हिलिसनं मेजवानीच्या मिषानं आपल्या लोकांना देवराईत जमवलं आणि बंडाची शपथ घ्यायला लावली.

दीड हजार वर्षांनी स्पेनशी झुंजणाऱ्या डचांना पूर्वज हवे होते. रोमला नडलेले बाटेव्हियन त्यांना आयतेच सापडले. (पुढे डच कंपनीनं जावा बेटावरच्या राजधानीचं नाव बटाव्हिया ठेवलं. आपल्या वेंगुर्ल्याच्या डच वखारीचे वरिष्ठ तिथेच बसत.) १६१२ साली अँटवर्पमध्ये या बंडावर ३६ एचिंगचं पुस्तक निघालं. रेखाटनं ओटो व्हान व्हेनची, म्हणजे रुबेन्सच्या गुरूची. ती तांब्यावर उतरवली अँटोनियो टेम्पेस्टानं. आता गंमत बघा: अँटवर्प स्पेनच्या अमलाखाली, व्हान व्हेन कॅथलिक आणि दरबारी चित्रकार, तर टेम्पेस्टा फ्लॉरेन्सचा, मुक्काम रोममध्ये. डचांची अस्मिता घडवणारी चित्रं अशा दोघांच्या हातची! १६०९ पासून स्पेन आणि डचांमध्ये बारा वर्षांचा युद्धविराम चालू होता, एवढं मात्र लक्षात ठेवायला हवं.

एचिंगमध्ये पत्र्यावर मेणासारखा थर देतात, त्यावर सुईनं रेघा ओढतात आणि उघडं पडलेलं तांबं आम्लाकडून खाववतात. धातू खोदायला मनगटाचा जोर लागतो. इथे सुई कागदावरच्या पेनासारखी पळते. लढाया आणि शिकारी हा टेम्पेस्टाचा हातखंडा विषय, त्याला हे माध्यम मानवलं नसतं तरच नवल. त्याचे सैनिक मात्र मला उत्तरेतल्या दलदलीतले कधीच वाटत नाहीत. ते इटलीतच वाढलेले दिसतात.

तरी डचांच्या डोळ्यांपुढे बंड उभं राहिलं ते याच रूपात. ॲमस्टरडॅमच्या नव्या नगरभवनासाठी गोव्हर्ट फ्लिंकनं शपथेच्या प्रसंगाचा आराखडा केला, तो टेम्पेस्टाच्याच वळणाचा. १६६० मध्ये फ्लिंक वारला आणि काम रेम्ब्रांटकडे आलं. त्यानं वळण मोडलं. त्याचा सिव्हिलिस थेट समोर बघतो, अधू डोळा न लपवता, आणि शपथ तलवारींवर होते. टॅसिटसकडे तलवारींचा उल्लेखही नाही. चित्र भिंतीवर लागलं, थोड्याच काळात उतरलं, पुढे कापलं गेलं. त्याचा उरलेला तुकडा स्टॉकहोमला आहे. रिकाम्या जागेसाठी फ्लिंकचंच अर्धवट चित्र युर्गन ओव्हेन्सकडून घाईघाईनं पुरं करून घेतलं गेलं आणि तेच तिथे कायम झालं.