तडा पाहणारा डोळा

श्रोतेहो, बाजारात मडके घेताना आपण त्याला टिचकी मारून पाहतो. बद्द आवाज आला की ते मुकाट्याने परत ठेवतो. वरून धडधाकट दिसणारी वस्तू आतून फुटकी असू शकते, हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण पुलाला टिचकी कोण मारणार?

१९२८ साली बांधलेल्या दोन पुलांची गोष्ट ऐका. एक अमेरिकेत ओहायो नदीवरचा पोलादी झुलता पूल. दुसरा आपल्या महाडजवळचा, सावित्री नदीवरचा दगडी कमानींचा. पहिला १५ डिसेंबर १९६७ रोजी संध्याकाळी, ऐन गर्दीच्या वेळी कोसळला. ४६ माणसे दगावली. कारण निघाले ते काय? एका पोलादी पट्टीतली जेमतेम अडीच मिलिमीटर खोल चीर! जोड उघडल्याशिवाय ती कुणाला दिसणेच शक्य नव्हते. या धक्क्यानंतर त्या देशात १९७१ साली पुलांच्या नियमित तपासणीचे नियम आले.

सावित्रीवरचा पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महापुरात वाहून गेला. एसटीच्या दोन गाड्या माणसांसकट नदीत गेल्या. त्याच वर्षी मे महिन्यात पुलाची पाहणी झाली होती आणि वाहतुकीला धोका नाही असे ठरले होते.

म्हणजे पाहणी होते, पण पाहिलेले सगळे दिसतेच असे नाही. मे २०२१ मध्ये अमेरिकेत मेम्फिस येथे मिसिसिपी नदीवरच्या पुलाच्या तुळईत मोठी भेग सापडली. पूल तातडीने बंद केला. मागाहून जुनी चित्रे काढून पाहिली, तर २०१९ साली ड्रोनने घेतलेल्या चित्रफितीत ती भेग स्पष्ट दिसत होती! चित्र होते, पाहणारा डोळा चुकला होता.

इथेच कृत्रिम बुद्धिमत्तेचा उपयोग होतो. भेगांची आणि बिनभेगांच्या भागांची हजारो चित्रे यंत्राला दाखवायची. कोणती भेग, कोणती नाही, हे माणसाने आधी नोंदवून द्यायचे. त्यावरून यंत्र खुणा ओळखू लागते. माणूस शंभर चित्रांनंतर थकतो, यंत्र लाखानंतरही थकत नाही. मात्र जे त्याला कधी दाखवलेच नाही, तिथे ते फसते. शेवाळाची रेघ, सावली किंवा ओल यांनाही ते भेग समजते. आणि पाण्याखाली पायाची माती खरवडून गेली असेल, तर वरून घेतलेल्या चित्रात ते येणार कुठून?

तडा दगडालोखंडातच असतो असेही नाही. संगणकाला दिलेल्या सूचनांतही तो असतो. ४ जून १९९६ रोजी युरोपचा एरियान ५ हा अग्निबाण पहिल्याच उड्डाणात सुमारे चाळीस सेकंदांत नष्ट झाला. आधीच्या एरियान ४ मधल्या काही सूचना त्यात तशाच उचलल्या होत्या. नव्या अग्निबाणाची गती वेगळी. एक आकडा ठरल्या जागेत मावेना, आणि सारा कारभार ढासळला. जुन्याला जे बरोबर होते, ते नव्याला घातक ठरले.

आज संगणकाच्या सूचना लिहून देणारी आणि त्यांतल्या चुका हुडकणारी यंत्रेही आली आहेत. कामाला वेग येतो, हे खरेच. पण तीही पूर्वी लिहिलेल्यावरूनच शिकलेली. म्हणून एरियानचा धडा त्यांनाही लागू आहे. यंत्राला काल ठाऊक असतो. आज समोर असलेला पूल कालच्यासारखाच आहे का, हे माणसाने जाऊन पाहावे लागते. तपासणीच्या कागदावर सही यंत्राची नसते, माणसाची असते.

गुरुजन हो, आपल्या गावच्या ओढ्यावर मोरी असेल. मुलांना एकदा पावसाळ्यापूर्वी आणि एकदा पावसाळ्यानंतर, पाणी ओसरल्यावर, तिथे न्या. कुठे दगड निसटला, कुठे पायाखालची माती गेली, हे त्यांना वहीत तारखेसह लिहायला सांगा. काही वेगळे दिसले तर ग्रामपंचायतीला लेखी कळवा. उद्या यंत्र येईल तेव्हा त्यालाही अशाच नोंदी लागतील. आणि ते येईपर्यंत रोज त्या मोरीवरून जाणाऱ्याचा डोळा उघडा असला पाहिजे.