गर्भजलाची कमतरता

गर्भाशयात गर्भाभोवती असणाऱ्या द्रवाचे प्रमाण त्या आठवड्यासाठी अपेक्षित प्रमाणापेक्षा कमी असणे, या स्थितीस गर्भजलाची कमतरता म्हणतात. वैद्यकशास्त्रात तिला ऑलिगोहायड्रॅम्निऑस ही संज्ञा आहे. बोलीभाषेत ‘पाणी कमी झाले’ असे सांगितले जाते.

कारणे

गरोदरपणाच्या उत्तरार्धात गर्भजल हे मुख्यतः गर्भाचे मूत्र असते. गर्भ ते गिळतो, ते आतड्यांतून त्याच्या रक्तात जाते आणि मूत्रावाटे पुन्हा बाहेर येते. सुमारे ३४ ते ३६ आठवड्यांपर्यंत हे पाणी वाढते व नंतर घटू लागते. म्हणूनच प्रसूतीची तारीख उलटल्यावर कमतरता अधिक आढळते.

वारेतून होणारा पुरवठा अपुरा पडला, की गर्भ आपले रक्त मेंदू व हृदयाकडे वळवतो. मूत्रपिंडांना रक्त कमी मिळते, मूत्र घटते आणि पर्यायाने गर्भजलही. आईचा उच्च रक्तदाब व गर्भाची खुंटलेली वाढ यांच्याशी कमतरतेचा संबंध येतो तो असा. पाणी कमी होणे हे अशा वेळी मूळ दुखणे नसून त्याची खूण असते. पडदा फाटून पाणी झिरपणे, गर्भाच्या मूत्रमार्गातील दोष आणि काही औषधे ही अन्य कारणे होत. आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामके २० आठवड्यांनंतर वैद्यकीय सल्ल्याविना घेऊ नयेत, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये दिला.

नवजात बालकावरील परिणाम

परिणाम कमतरता केव्हा सुरू झाली यावर अवलंबून असतो. मधल्या तिमाहीत पाणी फारच कमी असल्यास फुफ्फुसांची वाढ अपुरी राहते. शेवटच्या आठवड्यांत तो धोका सहसा नसतो. मात्र प्रसूतिकळांच्या वेळी नाळेवर दाब येऊन बाळाच्या हृदयाचे ठोके मंदावू शकतात. बाळाने पोटातच शी केली असल्यास ती कमी पाण्यात दाट राहते व श्वासावाटे फुफ्फुसांत जाऊ शकते.

निदान

सोनोग्राफीत दोन मापे वापरली जातात. पोटाच्या चार भागांतील पाण्याच्या खोलींची बेरीज, म्हणजेच अहवालातील ‘एएफआय’, ५ सेंटिमीटर वा त्याहून कमी असल्यास, अथवा सर्वांत खोल एका कप्प्याची उंची २ सेंटिमीटरपेक्षा कमी असल्यास कमतरता मानतात. ही मापे परस्परांना पर्याय असली तरी समान नाहीत. चाचण्यांच्या तुलनेत एएफआयमुळे अधिक स्त्रियांवर कमतरतेचा शिक्का बसला, कृत्रिम कळा व सिझेरियन वाढले. बाळांची प्रकृती मात्र त्यामुळे अधिक चांगली आढळली नाही. त्यामुळे अनेक तज्ज्ञ एका कप्प्याचे माप पसंत करतात.

उपचार

भरपूर पाणी प्यायल्याने गर्भजल काही काळ वाढू शकते. शहाळ्याचा आग्रह धरणाऱ्या घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे त्यामुळे अगदीच निराधार नाही. परंतु वारेचा दोष त्याने दूर होत नाही. प्रसूतीचा निर्णय बाळाची वाढ, नाळेतील रक्तप्रवाह, ठोक्यांचा आलेख व आईचा रक्तदाब पाहून घेतात. अन्य गुंतागुंत नसताना ३६ आठवडे पूर्ण झाल्यापासून ३७ आठवडे ६ दिवसांपर्यंत प्रसूती करावी, आणि निदान त्यानंतर झाल्यास ती लांबवू नये, अशी अमेरिकेतील प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. बाळाची हालचाल मंदावल्यास किंवा पाणी झिरपत असल्यास, पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठणे आवश्यक असते.