असिंक्रोनस नेटवर्किंग, मोबाइल ॲपमधील

सर्व्हरकडे रिक्वेस्ट गेलेली आहे, उत्तर यायचे आहे, तरीही स्क्रीन बोटाला प्रतिसाद देते आहे, अशी व्यवस्था ॲपच्या कोडमध्ये लावण्याची पद्धत. अँड्रॉइड आणि आयओएस या दोन्ही प्रणालींत स्पर्श टिपणे आणि स्क्रीनवरचे घटक बदलणे ही कामे एकाच थ्रेडवर चालतात. त्याला मेन थ्रेड म्हणतात. ६० हर्ट्‌झच्या स्क्रीनवर एका फ्रेमसाठी सुमारे १६ मिलिसेकंद मिळतात. नेटवर्कवरून उत्तर यायला याच्या कित्येक पट वेळ लागू शकतो, आणि रेंज गेली तर ते येतच नाही. म्हणून नेटवर्कचे काम मेन थ्रेडबाहेर काढावे लागते.

काम बाहेर काढणे हा या विषयाचा सोपा भाग. रिक्वेस्ट कोणाच्या मालकीची, स्क्रीन बंद झाली तर तिचे काय करायचे, ती फसली तर कोणाला कळवायचे, हा अवघड भाग. पुढे वर्णन केलेली बहुतेक साधने पहिल्या भागाच्या नावाने खपली. त्यांची खरी परीक्षा दुसऱ्या भागात झाली. प्रस्तुत नोंदीत अँड्रॉइडचा विचार विस्ताराने केला आहे, आयओएसचा त्यामानाने थोडक्यात.

मेन थ्रेडचे संरक्षण : अँड्रॉइडमध्ये स्पर्शाला ५ सेकंदांत प्रतिसाद मिळाला नाही, तर ॲप प्रतिसाद देत नसल्याची नोंद होते, ॲप बनवणारे तिला ‘एएनआर’ म्हणतात. अँड्रॉइड २.३ मध्ये स्ट्रिक्टमोड हे तपासणीचे साधन आले. ३.० (हनीकॉम्ब, २०११) पासून, त्या किंवा पुढच्या आवृत्तीसाठी बांधलेल्या ॲपने मेन थ्रेडवर नेटवर्क कॉल केला की प्रणाली ‘नेटवर्क ऑन मेन थ्रेड’ हे एक्सेप्शन फेकते. तोपर्यंत जी शिफारस होती तिचा नियम झाला. आयओएसमध्ये हीच राखण वॉचडॉग करतो. ठरलेल्या वेळेत ॲप जागे झाले नाही तर तो ते मारून टाकतो आणि क्रॅश अहवालात हेक्साडेसिमल संकेतांक लिहितो. तो संकेतांक इंग्रजीत ‘एट बॅड फूड’ असा वाचता येतो. ॲपलच्या अधिकृत दस्तऐवजांतही त्याचा उच्चार तसाच दिलेला आहे.

असिंकटास्क : अँड्रॉइड १.५ मध्ये (२००९) आलेला हा वर्ग. त्याच्या चढउताराची नोंद अधिकृत दस्तऐवजांत सविस्तर मिळते, म्हणून आणि त्यातील दोष पुढच्या साधनांना वळण देणारे ठरले म्हणूनही, त्याला येथे अधिक जागा दिली आहे. रचना सुटसुटीत होती : ‘डू इन बॅकग्राउंड’ या मेथडमधला कोड मागच्या थ्रेडवर चालतो आणि त्याचे उत्तर ‘ऑन पोस्ट एक्झिक्यूट’ला मेन थ्रेडवर मिळते. थ्रेड, हँडलर, मेसेज यांची जुळवाजुळव टळली. अँड्रॉइड शिकणाऱ्या एका अख्ख्या पिढीने पहिला नेटवर्क कॉल यानेच केला.

अडचण फोन आडवा धरला की दिसे. एका ॲक्टिव्हिटीने यादी मागवण्यासाठी टास्क सुरू केला आहे असे समजा. टास्क हा त्या ॲक्टिव्हिटीच्या आतला वर्ग, म्हणून त्याच्याकडे तिचा रेफरन्स आपोआप असतो. फोन फिरवताच अँड्रॉइड जुनी ॲक्टिव्हिटी नष्ट करून नवी उभी करते. जुनीचा रेफरन्स टास्कने धरून ठेवल्यामुळे ती मेमरीतून जात नाही. तिच्यासोबत तिचे सगळे व्ह्यूही अडकून राहतात. उत्तर येते ते या जुन्या ॲक्टिव्हिटीला. ती इमानेइतबारे यादी भरते, पण ती यादी कोणालाच दिसत नाही. आणि ‘लोड होत आहे’ हा डायलॉग बंद करायला गेली तर विंडोच उरलेली नसल्यामुळे ॲप कोसळते. नव्या ॲक्टिव्हिटीला यातले काहीच ठाऊक नसते, म्हणून ती तीच रिक्वेस्ट पुन्हा पाठवते. टास्क कॅन्सल करण्याची सोय होती. पण आतल्या कोडने कॅन्सल झाल्याची खूण स्वतः तपासली नाही तर काम चालूच राहू शके, फक्त त्याचे उत्तर नेहमीच्या वाटेने पोचत नसे.

दुसरा दोष क्रमाचा. सुरुवातीला सगळे टास्क एका थ्रेडवर एकामागून एक चालत. १.६ पासून ते थ्रेडच्या ताफ्यावर समांतर चालू लागले. समांतर चालण्यामुळे ॲपांत चुका वाढल्या म्हणून हनीकॉम्बपासून पुन्हा एकच थ्रेड आला. समांतर हवे असेल तर तसे स्पष्ट सांगावे लागे. एकच कोड वेगवेगळ्या फोनवर वेगळा वागे तो यामुळे. चूक कळवायला वेगळी वाट नव्हती. बहुतेक जण नल परत करत किंवा एक्सेप्शन एखाद्या फील्डमध्ये ठेवून पुढे नेत. अँड्रॉइड ११ मध्ये (२०२०) असिंकटास्क कालबाह्य ठरवला गेला. जुन्या कोडमध्ये तो अजूनही आढळतो. त्याच्या जोडीला ३.० मध्ये आलेल्या लोडरचा येथे केवळ उल्लेख करणे पुरे.

लायब्ररींचा काळ : २०१३ मध्ये गूगलने आपल्या आय-ओ परिषदेत व्हॉली ही लायब्ररी मांडली. लहान आणि वारंवार जाणाऱ्या रिक्वेस्टसाठी ती उत्तम होती. प्रत्येक रिक्वेस्टला टॅग लावून एका स्क्रीनच्या सगळ्या रिक्वेस्ट एकदम रद्द करता येत, आणि हा तिचा गुण तेव्हा फारसा नावाजला गेला नाही. उत्तर पूर्ण मेमरीत घेत असल्याने मोठ्या फाइलींसाठी ती चालत नसे. स्क्वेअर या कंपनीच्या ओकेएचटीटीपी आणि रेट्रोफिट या लायब्ररी याच सुमारास पुढे आल्या. अँड्रॉइड ४.४ पासून प्रणालीच्या स्वतःच्या एचटीटीपी जोडणीखालीही ओकेएचटीटीपीचाच कोड आहे. रेट्रोफिटमध्ये सर्व्हरचा प्रत्येक पत्ता इंटरफेसमधील एका मेथडने मांडतात, आणि उत्तर तेव्हा कॉलबॅकमधून येई. आधी लॉगिन, मग प्रोफाइल, मग ऑर्डरची यादी असे तीन कॉल एकापाठोपाठ करायचे तर कॉलबॅकच्या पोटात कॉलबॅक, आणि प्रत्येकात चुकीची वेगळी फांदी, असा कोड तयार होई.

त्यावर आरएक्सजावाचा उतारा आला. मूळ कल्पना मायक्रोसॉफ्टच्या रिॲक्टिव्ह एक्स्टेन्शन्सची. नेटफ्लिक्सने ती सर्व्हरसाठी जावात आणली आणि २०१३ मध्ये खुली केली. अँड्रॉइडवाल्यांनी ती उचलली. शोधपेटीत टाइप होणाऱ्या अक्षरांवर थोडे थांबून शेवटच्याच शब्दाची रिक्वेस्ट पाठवणे यांसारखी कामे तिच्यात दोन-तीन ओळींत होतात. साध्या एका कॉलसाठीही तिचे सगळे ऑपरेटर शिकावे लागतात ही तक्रार तेव्हापासूनची. ती कितपत रास्त, याविषयी एकमत नाही.

कोरूटीन : ही कल्पना मेल्विन कॉन्वे यांची, त्यांचा यावरील लेख १९६३ मध्ये प्रसिद्ध झाला. असिंक-अवेट या जोडशब्दांतून ती २०१२ मध्ये सी शार्प ५ द्वारे सर्वसामान्य प्रोग्रॅमरपर्यंत पोचली. जेटब्रेन्सच्या कॉटलिन भाषेला गूगलने २०१७ मध्ये अँड्रॉइडसाठी अधिकृत मान्यता दिली. त्याच वर्षी कॉटलिन १.१ मध्ये प्रायोगिक असलेले कोरूटीन १.३ मध्ये (२०१८) स्थिर झाले. ‘सस्पेंड’ म्हणून घोषित केलेले फंक्शन उत्तराची वाट पाहताना थ्रेड अडवून ठेवत नाही. कंपायलर अशा फंक्शनचे एका स्टेट मशीनमध्ये रूपांतर करतो, आणि उत्तर आले की ते थांबल्या जागेपासून पुढे सरकते. वाचणाऱ्याला मात्र तीन कॉल सरळ तीन ओळींत, आणि चूक नेहमीच्या ट्राय-कॅचमध्ये दिसते.

कोडच्या या देखणेपणापेक्षा २०१८ मध्ये कॉटलिनने स्वीकारलेली ‘स्ट्रक्चर्ड कन्करन्सी’ प्रस्तुत नोंदकाराला अधिक महत्त्वाची वाटते. ही संज्ञा मार्टिन सुस्ट्रिक यांनी २०१६ मध्ये वापरली. नॅथॅनियल स्मिथ यांच्या २०१८ मधील लेखाने ती सर्वत्र पोचली. नियम एवढाच, की प्रत्येक कोरूटीन कोणत्या तरी स्कोपमध्येच जन्मतो आणि स्कोप संपला की तोही संपतो. अँड्रॉइडच्या व्ह्यूमॉडेलला असा स्कोप जोडलेला असतो. फोन फिरवला तर व्ह्यूमॉडेल टिकते, म्हणून रिक्वेस्टही टिकते. वापरकर्ता मागे गेला तर दोन्ही संपतात. असिंकटास्कच्या पहिल्या दुखण्यावरचा हा इलाज. रेट्रोफिट २.६ (२०१९) सस्पेंड फंक्शने थेट स्वीकारते आणि कोरूटीन रद्द झाला की नेटवर्कवरची रिक्वेस्टही रद्द करते. असा कॉल मेन थ्रेडवरून केला तरी बिघडत नाही. त्याला पुन्हा ‘आयओ’ डिस्पॅचरमध्ये गुंडाळण्याची सवय निरुपद्रवी आहे, गरजेची नाही. कोणत्याच स्क्रीनशी न बांधलेला ग्लोबलस्कोप २०२१ पासून ‘जपून वापरा’ अशा खुणेसह येतो.

रद्द होणे आणि त्याचे सापळे : कोरूटीन बळजबरीने मारला जात नाही. रद्द झाल्याची वार्ता त्याला कॅन्सलेशन एक्सेप्शनच्या रूपात मिळते आणि ती त्याने वर जाऊ द्यायची असते. सरसकट ‘कॅच एक्सेप्शन’ लिहिणारा कोड ही वार्ता गिळतो. मग वापरकर्ता स्क्रीन सोडून गेला तरी ‘इंटरनेट नाही’ असा संदेश तयार होतो. मर्यादा न घातलेला रिट्राय लूप असेल तर आणखी वाईट : प्रत्येक फेरीत तेच एक्सेप्शन लगेच येते, लगेच गिळले जाते, आणि लूप जागच्या जागी गरगरत बॅटरी खातो. ‘विथ टाइमआउट’ने फेकलेले एक्सेप्शनही कॅन्सलेशनच्याच कुळातले असते, त्यामुळे वेळ संपणे आणि रद्द होणे वेगळे ओळखावे लागते. कोड तपासताना ही एक जागा आधी पाहावी.

आयओएस : ग्रँड सेंट्रल डिस्पॅच आयओएस ४ मध्ये (२०१०) आणि यूआरएलसेशन आयओएस ७ मध्ये (२०१३) आले. त्यावर कम्प्लीशन हँडलर लिहिण्याची रीत सुमारे दशकभर चालली. कम्बाइन २०१९ चे. स्विफ्ट ५.५ (२०२१) मध्ये असिंक-अवेट, टास्क आणि ॲक्टर आले. आधी केवळ आयओएस १५ साठी, मग एक्सकोड १३.२ पासून भाषेतील सोयी आयओएस १३ पर्यंत मागे नेल्या गेल्या. स्विफ्ट ६ च्या भाषामोडमध्ये (२०२४) दोन थ्रेडनी एकच डेटा एकाच वेळी हाताळण्याची शक्यता कंपायलरच अडवतो. जुन्या प्रकल्पांना या कडकपणाचा जाच होतो अशी टीका आहे.

टोकनचे नूतनीकरण : मुख्य स्क्रीन उघडताच चार रिक्वेस्ट एकदम जातात आणि लॉगिनच्या टोकनची मुदत नेमकी संपलेली असते. चौघींना ४०१ हे उत्तर मिळते आणि चौघी स्वतंत्रपणे नवे टोकन मागतात. सर्व्हर दर वेळी रिफ्रेश टोकनही बदलत असेल, तर पहिलीला नवे मिळते, उरलेल्या तिघींचे जुने बाद ठरते, आणि काही चूक नसताना वापरकर्ता लॉगिनच्या स्क्रीनवर येऊन पडतो. डेव्हलपरच्या फोनवर टोकन ताजे असल्यामुळे हा दोष सहसा दिसत नाही. उपाय असा की नूतनीकरण एकानेच करावे आणि बाकीच्यांनी त्याच्याच उत्तरासाठी थांबावे. कॉटलिनमध्ये म्युटेक्स घेतल्यावर टोकन मधल्या काळात बदलले का, हे आधी पाहतात. स्विफ्टमध्ये हे काम ॲक्टरकडे दिले की झाले असे वाटते, पण ॲक्टर अवेटपाशी थांबला असताना दुसऱ्याला आत घेतो. म्हणून चालू असलेला टास्क ॲक्टरमध्ये साठवून नव्याने येणाऱ्यांना त्याच्याच उत्तरासाठी थांबवावे लागते.

वेळमर्यादा आणि पुनःप्रयत्न : ओकेएचटीटीपीत जोडणी, वाचन, लेखन यांना प्रत्येकी १० सेकंदांची मर्यादा मुळातच असते, संपूर्ण कॉलला मात्र कोणतीही नसते. वाचनाची मर्यादा दर तुकड्यागणिक नव्याने मोजली जाते, त्यामुळे थेंबथेंब येणारे उत्तर कितीही वेळ चालू शकते. यूआरएलसेशनमध्ये रिक्वेस्टला ६० सेकंद आणि संपूर्ण कामाला ७ दिवस. कोकण रेल्वेची गाडी बोगद्यात शिरल्यावर जोडणी तुटल्याची सूचना ॲपला लगेच मिळेलच असे नाही. अनेकदा मर्यादा संपण्याचीच वाट पाहावी लागते. ४०४ किंवा ५०० हे उत्तर यूआरएलसेशन किंवा ओकेएचटीटीपी यांच्या लेखी अपयश नव्हे; स्टेटस कोड स्वतः तपासावा लागतो.

माहिती वाचणारी रिक्वेस्ट पुन्हा पाठवायला हरकत नसते. पैसे पाठवणारी रिक्वेस्ट पुन्हा पाठवण्यात धोका असतो, कारण उत्तर हरवले म्हणजे काम झाले नाही असे नव्हे. अशा रिक्वेस्टसोबत ॲपने एकदाच तयार केलेली ओळखकिल्ली जाते आणि तीच किल्ली पुन्हा आली तर सर्व्हर नवा व्यवहार न करता आधीचेच उत्तर देतो. दोन प्रयत्नांतले अंतर दरवेळी वाढवतात आणि त्यात थोडी यादृच्छिक भर घालतात, म्हणजे बंद पडून उठलेल्या सर्व्हरवर सगळे फोन एकाच क्षणी तुटून पडत नाहीत. स्क्रीन गेली तरी पूर्ण झालेच पाहिजे असे काम अँड्रॉइडमध्ये वर्कमॅनेजरकडे, आयओएसमध्ये बॅकग्राउंड सेशनकडे देतात.

वादाचे मुद्दे : सस्पेंड किंवा असिंक फंक्शन साध्या फंक्शनमधून थेट बोलावता येत नाही, त्यामुळे कोडचे दोन वर्ग पडतात, असा आक्षेप आहे. जावा २१ मधील व्हर्च्युअल थ्रेड (२०२३) ही फूट टाळतात; मोबाइलच्या संदर्भात तो मार्ग सरस की नाही, यावर मते भिन्न आहेत.

चाचणी : ओकेएचटीटीपीचा मॉकवेबसर्व्हर, कोरूटीनसाठी आभासी घड्याळावर चालणारे रनटेस्ट.

इतर मंच : फ्लटरमध्ये डार्टचे असिंक-अवेट, रिॲक्ट नेटिव्हमध्ये जावास्क्रिप्टचे प्रॉमिस, कॉटलिन मल्टिप्लॅटफॉर्ममध्ये जेटब्रेन्सची केटॉर लायब्ररी.